मांडावरची एक जागा

शेवंतीकाकीने मला आयुष्यात एकदाच चहा दिला, आणि मी अर्धा प्यायलो असतानाच पेला हातातून काढून घेतला. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. वाड्यावरची चार माणसे मला मान देतात. पण काकीच्या दारात मानबिन काही चालत नाही. तिथे बरोबर बोललात तर बसायचे, चूक बोललात तर उठायचे. आणि बरोबर काय, चूक काय, हे ठरवणार ती.

आमचा देवळीवाडा पेडण्यापासून फार लांब नाही. दर गुरुवारच्या बाजारात काकी भाजी घेऊन बसते. तांबडी भाजी, मुळे, नवलकोल, हंगाम असेल तर ओले काजूगर. गिऱ्हाइकाने जुडी उचलून परत खाली ठेवली की त्याची धडगत नसते. "घेवची नाय तर हात कित्याक लावलस? भाजी बघूक इलस काय नवरी बघूक?" बसचा कंडक्टर तिच्या टोपलीचे भाडे मागायला विसरतो ते उगाच नव्हे. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर सगळ्या वाड्यात सायकलची पोंगी वाजवत फिरतो, पण काकीच्या दारात गुपचूप उतरून उंडे ठेवतो. एकदा त्याने वाजवली होती. "माका कान आसत," एवढेच ती म्हणाली, पण ज्या तऱ्हेने म्हणाली ते त्याला पुरले.

ही बाई ऐन विशीत विधवा झाली. नवरा मुंबईला खानावळीत कामाला होता, तिथेच तापाने गेला. मांडीवर जयराम, सहा-सात महिन्यांचा. तो पोर्तुगीज अमदानीचा काळ, आणि आमच्या वाड्याची रीत अशी की विधवेने मांडावर पाय ठेवायचा नाही.

मांड म्हणजे वाड्याचे सामाईक अंगण, मध्ये तुळस. एरवी त्यावर भात वाळत घालतात, पोरे विटीदांडू खेळतात. पण पौष लागला की तो शेणाने सारवायचा, मग तो देवाचा. रात्री जेवणे झाली की बायका तिथे धालो खेळतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, प्रत्येकीचा हात शेजारणीच्या पाठीवर. एक रांग ओळ म्हणत वाकत वाकत पुढे जाते, दुसरी ती उचलून धरते. पुरुषांनी लांबून बघावे. पौषात मांडावर पुरुष आलेला आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही.

त्या मांडावर शेवंतीकाकीला आणले रामचंद्र गुरुजींनी. गुरुजी कोणाच्या तरी ओसरीवर मराठी शाळा चालवीत, विधवांचे केस काढू देत नसत आणि त्यापायी शिव्या खात. पौषात ते मांडाच्या कडेला जाऊन बसले आणि म्हणाले, ही पोर रांगेत उभी राहीपर्यंत मी जेवणार नाही. बायकांचे हृदय विरघळले असे आम्ही भाषणात सांगतो. तसे काही झाले नव्हते. ऐन पौषात मांडाच्या कडेला माणूस उपाशी मेला तर पाप वाड्याला लागेल, ह्या भीतीने त्यांनी तिला घेतले. पण घेतले. तेव्हापासून काकी मांडावर गाते. गळा गोड म्हणवत नाही, धारदार आहे. ती समोरच्या रांगेवर ओळ टाकते आणि समोरच्यांना ती झेलावीच लागते.

आता माझ्या दुर्दैवाकडे येतो. शहाऐंशी साली गुरुजींच्या जन्मशताब्दीची समिती झाली आणि मी तिचा चिटणीस झालो. अध्यक्ष गोकुळदास. भुसारी दुकानाचा मालक, माजी पंच, आणि बोलायला उभा राहिला की बसायचे विसरणारा. दुसरा उत्साही सभासद अविनाश, बँकेत कारकून. गुरुजींच्या नावाने लोकसंगीताचा मोठा कार्यक्रम करायचा ठरले. डिचोलीकडची घुमट-आरतीची, म्हणजे घुमट हे मातीचे वाद्य वाजवत आरत्या म्हणणारी मंडळी, फुगड्या, आणि शेवटी आमचे धालो. पणजीहून लोककलांवर व्याख्याने देणारे एक पाहुणे येणार होते. शेवंतीकाकी हे त्या कार्यक्रमाचे मुख्य आकर्षण. गुरुजींनी मांडावर आणलेली बाई अजून गाते, याहून मोठा पुरावा कोणता?

पण ते वर्ष कोणते, हे विसरू नका. गोवाभर मराठी की कोकणी यावरून माणसे माणसांशी बोलायची बंद झाली होती. गोकुळदास मराठीवाला, अविनाश कोकणीवाला. फलक कोणत्या भाषेत लिहायचा यावर बैठकांमागून बैठका गेल्या. गुरुजींची मातृभाषा कोणती यावर एक पूर्ण रविवार गेला. गुरुजी असते तर दोघांचेही कान धरून अंगठे धरायला लावले असते. काकीची गाणी तरी कोणत्या भाषेतली? अर्धी ओळ इकडची, अर्धी तिकडची. मी ते तिलाच विचारायला गेलो. "गाणी माझी," ती म्हणाली. "तुमका वाटून घेवक दिलंय कोणी?" शेवटी फलकावर अक्षरच नको, नुसते गुरुजींचे चित्र काढायचे असे ठरले. रंगाऱ्याने गुरुजींना कधी पाहिले नव्हते. त्याने फेटा आणि मिशा काढल्या. गुरुजींना मिशाच नव्हत्या.

कार्यक्रम डिसेंबरात व्हायचा होता. आंदोलन पेटले, रस्त्यांवर झाडे आडवी पडली, बस बंद, डिचोलीची मंडळी घरीच अडकली. म्हणून तो जानेवारीत ढकलला, म्हणजे बरोबर पौषात. तेव्हा अविनाशला सुचले की शाळेच्या पटांगणावर कशाला, मांडावरच करू या, गुरुजींनी जिथे काम केले तिथेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की अजून हात झोंबतात.

कारण मध्यंतरी आणखी एक गोष्ट झाली होती आणि तिचा समितीत कोणी विचारच केला नव्हता. काकीचा जयराम डिचोली तालुक्यात खनिजाचा टिपर चालवायचा. आदल्या वर्षीच्या पावसात आमोण्याच्या रस्त्यावर टिपर उलटला आणि जयराम गेला. मागे राहिली त्याची बायको स्वाती, कारापूरची मुलगी, मूलबाळ नाही. माहेरची माणसे न्यायला आली तेव्हा ती म्हणाली, "मी गेलंय तर मायं झगडतली कोणाकडे?" आणि राहिली. सासूला ती मायं म्हणते. लग्न होऊन आली त्या पौषापासून ती मांडावर काकीच्या शेजारी उभी राहायची. काकी ओळ टाकायची आणि स्वाती तिच्या खालून सूर द्यायची. त्या दोघी गायला लागल्या की माझ्यासारखा गाण्यातला ढ माणूससुद्धा घरातला रेडिओ बंद करायचा.

जयराम गेल्यावरच्या पौषात घरात शोक, म्हणून दोघी मांडावर गेल्या नाहीत. ते रीतीप्रमाणेच होते. ह्या पौषात वर्ष पाळून झाले होते. स्वातीने सासूला एकदाच सांगितले, "माका मांडार येवचा आसा." काकीने तिला बरोबर घेतले आणि पहिल्या रात्री गेली. तिथे भाग्यलक्ष्मी उभी होती.

भाग्यलक्ष्मी ही गोकुळदासची बायको आणि आमच्या मांडाची मांडकरीण, म्हणजे मांडावरची मुख्य बाई. तुळशीपुढे दिवा तिने लावायचा, पहिली रांग तिने धरायची. तशी ती वाईट नाही, माझ्या मुलीच्या बारशाला सगळा स्वयंपाक तिने एकटीने केला होता. पण तिने स्वातीला मांडाच्या कडेला थांबवले.

"ही खंय?" तिने विचारले.

"माझ्या वांगडा," काकी म्हणाली.

"गुरुजींनी एक घातली. ती तू. मांडार एकच जागा आसा, शेवंती. दुसरी खंयसून काढू?"

मला हे दुसऱ्या दिवशी कळले तेव्हा मी आधी हसलो आणि मग कपाळ धरून बसलो. चाळीस वर्षांत आमच्या वाड्याने काय केले होते बघा. गुरुजी उपाशी बसले ती रीत मोडायला. वाड्याने त्यांचा मान ठेवला, रीत मोडू दिली, आणि मोडल्याचीच नवी रीत केली! मांडावर एक विधवा चालते. एक. जशी एक तुळस, एक दिवा. मधल्या काळात वाड्यात आणखी बायका विधवा झाल्या, पण त्या आपण होऊन घरी बसल्या, कारण जागा भरलेली होती. आणि हे कोणी कधी बोलून दाखवले नाही, ठरवलेही नाही. आपोआप झाले.

काकी त्या रात्री सुनेला घेऊन घरी आली आणि पुन्हा मांडावर गेली नाही. तिच्याशिवाय धालो चालले, पण बिनमिठाच्या पेजेसारखे. दोन दिवसांनी गोकुळदास माझ्याकडे आला. "मास्तर, काकी कार्यक्रमाला येत नाही म्हणते. पाहुणे तिलाच ऐकायला येतायत. तिचे नाव पेपरात दिलेय. काहीतरी करा."

मी म्हणालो, "तुमच्या घरात बोला ना."

"घरात?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी जणू त्याला विहिरीत उडी मार म्हणालो होतो.

मी काकीकडे गेलो. तिने चहा विचारलाही नाही. "स्वाती रांगेत जाय," ती म्हणाली. "कडेक नाय, मदी. नायतर तुमचे गुरुजी आनी तुमचो कार्यक्रम तुमका लखलाभ." मी परत येऊन समितीला तसे सांगितले.

आणि मग समितीत तो चमत्कार झाला. ज्या दोघांचे फलकावरच्या एका अक्षरावर जमले नव्हते, त्यांचे ह्या बाबतीत जमले. गोकुळदास म्हणाला, "अहो सोपे आहे. जागा एक आहे ना? काकी आता साठीची झाली. तिने आपली जागा सुनेला द्यावी. विधवाही मांडावर राहिली, मांडही राहिला, गुरुजींचे नावही राहिले." अविनाश म्हणाला, "वारसा पुढच्या पिढीकडे गेला, असे निवेदनात म्हणता येईल." वाक्य त्याला इतके आवडले की त्याने ते आणखी एकदा म्हणून दाखवले. मी विचारले, "मुळात जागा एकच का?" दोघांनी माझ्याकडे बघितले. प्रश्नच कोणाला कळला नव्हता.

तरीही तो निरोप घेऊन मीच गेलो. चिटणीस म्हणजे गावाचा निरोप्या, दुसरे काय! त्या दिवशी काकीने का कोण जाणे, मला बसायला कदेल दिली आणि चहा ठेवला. स्वाती आत चुलीपाशी होती. मी चहा पीत पीत, शक्य तितके गोल गोल करून, समितीचे म्हणणे सांगितले. काकी ऐकत होती. माझे वाक्य संपले तेव्हा तिने पुढे येऊन माझ्या हातातला पेला काढून घेतला.

"तू मास्तर मरे? माका एक सांग. तुझ्या वर्गात एक चेडू पास झाला म्हणान दुसऱ्याक नापास करतस?"

"नाही काकी, पण..."

"पण किदें? त्या पोराक, अविनाशाक, आनी त्या दुकानदाराक जावन सांग. शेवंती म्हातारी झाली, पण मेली नाय. मेल्यार जागा मोकळी जातली, तेव्हा येवा."

मी उठलो. दाराशी स्वाती आली होती. ती फारशी बोलत नाही, त्यामुळे बोलली तेव्हा मी थांबलो. "मास्तर, मायंच्या जाग्यार मी उबी रवलंय तर मायं खंय रवतली? मी मांडार, आनी ती घरात? मगे मी कोणाक धरून गाव?" मला कोणाचा राग यावा हेच कळेना.

घरी गेलो ते बायकोवर घसरलो. दीपा दर पौषात मांडावर असते. म्हटले, "तू स्वातीला आपल्या शेजारी घे ना! तुला काय हरकत आहे?"

"माका कसली हरकत?" दीपा म्हणाली.

"मग घे."

"तुमका मांड किदें खबर? एका बाजून मी हात घातलो, तर दुसऱ्या बाजूची माझ्या पाठीवयलो हात काढतली. मगे रांग खंय रवली? मी एकटीन धालो नाचू?"

"म्हणजे ती बाई विरोधात आहे?"

"ती म्हणता, माका काय ना, पण तिच्या शेजारची हात काढतली."

"आणि तिच्या शेजारची?"

दीपाने माझ्याकडे बघितले आणि भाजी निवडायला घेतली. म्हणजे कोणाचाच विरोध नाही आणि कोणी हातही घालत नाही! ज्याला दोन द्याव्यात असा एखादा खलनायक असता तर बरे झाले असते. मी त्या रात्री जेवलो नाही. उपाशी राहिल्याने वाड्यावर काही परिणाम होईल म्हणून नव्हे, भूकच मेली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी दिवेलागणीला मांडाभोवती माणसे जमली. सारवणाबाहेर एका बाजूला पाहुण्यांसाठी कदेली, मागे मिशावाले गुरुजी, दोन बांबूंना लावलेला भोंगा आणि मांडाच्या काठावर माइक. डिचोलीच्या मंडळींनी कडेला बसून घुमट-आरती अशी म्हटली की तुळशीपुढचा दिवासुद्धा थरथरला असेल. मग गोकुळदास बोलायला उभा राहिला. "गुरुजींनी दाखवलेल्या वाटेवरून चालणे हीच त्यांना खरी श्रद्धांजली," असे तो म्हणाला. हेच तीनदा तीन तऱ्हांनी म्हणाला. पणजीचे पाहुणे भले गृहस्थ होते. त्यांना आमच्या वाड्यातले काहीच माहीत नव्हते आणि त्यांना सगळेच आवडत होते.

काकी येणार की नाही, हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हते. धालोची घोषणा झाली, बायका दोन रांगांत उभ्या राहिल्या. समोरची रांग भाग्यलक्ष्मीची, नऊवारी नेसून, नाकात नथ. आणि तेवढ्यात अंधारातून काकी आली, स्वातीचे मनगट धरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी मान पुढे काढली. काकीने कोणाकडे बघितले नाही. ती अलीकडच्या रांगेच्या मधोमध गेली, कोपराने जागा केली आणि उभी राहिली. स्वातीला तिने आपल्या उजव्या हाताला उभे केले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

स्वातीच्या पलीकडची बाई एक पाऊल मागे झाली. तिच्या पलीकडचीही. दीपा तिच्या पलीकडे होती. तिने माझ्याकडे बघितले आणि खाली बघितले. रांग मधोमध तुटली. स्वातीचा डावा खांदा काकीच्या हाताखाली, उजवीकडे मोकळे अंगण. कोणी गायला सुरुवात करीना. भोंगा नुसता घुंई घुंई करत होता. इतक्या माणसांत ती पोर अशी उभी होती आणि मला वाटले, हा कार्यक्रम घेतला नसता तर बरे झाले असते. निदान तिची ही शोभा तरी झाली नसती.

"सुरू करा, सुरू करा," गोकुळदास भोंग्यातून म्हणाला.

काकीने मान वळवली. "गोकुळदास," तिने हाक मारली. तिला भोंगा लागत नाही. "हंय ये."

"काय काकी?"

"हंय ये, आनी ह्या बाजून उबो रव. चेडवाच्या पाठीर हात घाल. रांग मोडली."

लोक हसले. गोकुळदासही हसला, आणि ती हसत नाही हे बघून थांबला. "काकी, मी कसा? धालोत पुरुष..."

"आत्ता भाषणात म्हणलस मरे, गुरुजींच्या वाटेन चलाक जाय? मगे चल. वाट हीच ती. बायकांक जमणा नाय, तर तू चल."

पाहुण्यांना वाटले, हा कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. "वा! जा, अध्यक्षसाहेब, जा! काय सुंदर कल्पना आहे!" म्हणाले. आता गोकुळदासची पंचाईत झाली. एका बाजूला पणजीचे पाहुणे, दुसऱ्या बाजूला शेवंतीकाकी, आणि मधे स्वतःच्याच भाषणाने खणलेला खड्डा. त्याने अविनाशकडे बघितले. अविनाश फलकाकडे बघत होता. त्याने माझ्याकडे बघितले. मी म्हणालो, "जा." ह्या अख्ख्या समितीच्या कारभारात माझ्या हातून झालेले एवढेच एक चांगले काम.

गोकुळदासने वहाणा काढल्या. धोतराचा सोगा सावरला. आणि खरेच सांगतो, त्याने मांडावर पाय टाकायला पाय उचलला. बायकांच्या दोन्ही रांगांतून एकच "अगे बाय!" उठले.

"थंयच रव!"

ही भाग्यलक्ष्मी. ती समोरची रांग सोडून तरातरा मांड ओलांडून आली. नथ हलत होती, चेहरा लाल झाला होता. आधी ती नवऱ्यावर फिरली. "लाज नाय तुमका? पौषात मांडार पाय? घरा येवा, मगे बघतंय." मग काकीवर. "आनी तू! माझ्या घोवाक नाचयतस? म्हातारपणा बुद्द फिरली तुझी!"

"रांग मोडली म्हणान बोलावलंय," काकी म्हणाली. "तू धरशीत तर त्याका कोण बोलावता?"

भाग्यलक्ष्मीने दोन्ही रांगांकडे बघितले. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. "आनी तुमी किदें पळयतात गे? खांब कशे उबे रवल्यात!" ती ओरडली, आणि रागारागाने स्वातीच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिच्या पाठीवर धपकन हात टाकला. मारल्यासारखा आवाज झाला.

मांडकरीण जिथे उभी, तिथे रांग. दीपा धावत आली आणि भाग्यलक्ष्मीच्या पाठीवर हात घालून उभी राहिली. तिच्या पलीकडे ती मागे सरलेली बाई, मग तिची शेजारीण. एकीनेही हात काढला नाही. रांग इतकी लांब झाली की टोकाच्या दोघींना समोरच्या रांगेत जाऊन तोल सांभाळावा लागला. मला इतका संताप आला! म्हणजे हे इतके सोपे होते? एका बाईने रागात हात टाकावा, इतकेच? त्यासाठी एका माणसाने उपाशी बसायचे, दुसऱ्यांनी शताब्दी करायची, बैठका घ्यायच्या, आणि एका पोरीने घरात रात्री मोजायच्या? आणि त्याच वेळी माझे डोळे भरून आले. संतापाच्या भरात माणसाला रडू येते हे मला त्या दिवशी कळले.

स्वातीचे हात मात्र अजून खाली लोंबत होते. तिला धरले होते, पण तिने कोणाला धरले नव्हते.

"हात घाल गो पाठीर," भाग्यलक्ष्मी तिच्या कानात खेकसली. माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेले. "वाकताना पडशीत नायतर. माका घेवन पडशीत."

स्वातीने एक हात सासूच्या पाठीवर ठेवला. दुसरा भाग्यलक्ष्मीच्या पाठीपर्यंत नेला, तिथे थांबवला, आणि मग ठेवला.

भाग्यलक्ष्मी तिच्या डोक्यावरून काकीला म्हणाली, "आयक, शेवंती. आता मांडार दोन झाल्यो. तिसरी आणू नको, सांगून ठेवतंय."

"आणतलंय," शेवंतीकाकी म्हणाली, आणि गाणे सुरू केले.